घरातली तालीम आणि गल्लीतली

२०२० च्या टाळेबंदीत इतर अनेकांप्रमाणे मीही घरात व्यायामशाळा थाटली. डंबेल्सची जोडी, लोखंडी दांडा, चाळीस किलोच्या चकत्या. तीन महिन्यांत त्या दांड्यावर टॉवेल वाळू लागले आणि सोलापुरात टॉवेलला काय तोटा! त्या वर्षी दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला, राज्यातल्या व्यायामशाळा उघडल्या आणि आमचे लोखंड पलंगाखाली गेले.

ते पुन्हा बाहेर काढले माझ्या पत्नीने. साठी ओलांडलेली ही बाई एका हळदीकुंकवाला पाटावर बसली आणि दोघींनी हात दिल्याशिवाय तिला उठता येईना. डॉक्टर म्हणाले, मांडीचे स्नायू दुबळे झालेत. गोळ्यांनी ते भरून येत नाहीत. मग खुर्चीवरून दहादा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर, दोन किलोचे डंबेल. एक दिवसाआड वीस मिनिटे. सोपे वाटू लागले की थोडे वजन वाढवायचे. सहा महिन्यांनी ती पाटावरून आपली आपण उठली. घरातल्या व्यायामशाळेचे सारे शास्त्र या ‘थोडे वाढवण्यात’ आहे. यंत्रांच्या किमतीत नाही.

हा केवळ आमच्या घरचा प्रश्न नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मधील पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. रक्तातली साखर वापरणारे मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना २०२० पासूनच्या मार्गदर्शनात चालण्या-फिरण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. आपल्याकडे मात्र २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार निम्मे प्रौढ पुरेशी हालचालच करीत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के.

हा फरक स्त्रियांच्या आळसाचा नव्हे. गिरण्यांच्या या गावात तालमी होत्या, तांबडी माती होती, जोर-बैठका होत्या. पण दार पुरुषांसाठी होते. आज गिरण्या बंद पडल्या. पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम, पत्रा तालीम ही नावे आता मिरवणुकीतल्या लेझमीबरोबर अधिक ऐकू येतात.

सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यायामशाळेच्या शुल्कावरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. चांगलेच झाले. पण ही सवलत शुल्क भरू शकणाऱ्यांपर्यंतच पोचते. पूर्व भागात दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईचे काय? १९ जानेवारी २०२४ रोजी कुंभारीच्या रे नगरात कामगारांच्या १५ हजार घरांचे लोकार्पण झाले. ज्या प्रधानमंत्री आवास योजनेतून ती उभी राहिली, तिच्यात तेव्हा दुर्बल घटकांच्या घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरलेले होते. तिथे यंत्र कुठे मांडणार? मात्र एक भक्कम खुर्ची आणि पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या तिथेही मावतात.

मावत नाही तो वस्ताद. पाठ वाकली की टोकणारा, वजन कधी वाढवायचे ते सांगणारा आणि दोन दिवस दिसला नाहीत तर ‘कुठे होता?’ म्हणून विचारणारा माणूस. माझ्या दांड्यावर टॉवेल वाळले ते लोखंड कमी पडले म्हणून नव्हे, असे विचारणारे कोणी नव्हते म्हणून. पत्नीला विचारणारा मी होतो. सगळ्यांच्या घरी सेवानिवृत्त नवरा रिकामा बसलेला नसतो!

तेव्हा घरातली तालीम हवीच. पण तिला गल्लीतल्या तालमीचा आधार हवा. उत्सवाच्या वर्गणीतला थोडा वाटा काढून आपल्या तालमींनी आठवड्यातून दोन दुपारी जागा बायकांसाठी उघडावी, शिकवायला एक जाणती बाई नेमावी आणि महापालिकेने तिचे मानधन उचलावे. तिथे शिकायचे, घरी करायचे. पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांना जे फुकट मिळाले, ते बायकांना उशिरा का होईना, द्यायला काय हरकत आहे?