काठावरची दुसरी जागा

गळ घेऊन पाण्याकाठी एक दिवस घालवायचा, तो शरदात घालवायचा, शक्य तितक्या कमी पैशांत घालवायचा आणि पती-पत्नींनी मिळून घालवायचा असे ठरवले, तर कोणता जलाशय निवडावा? प्रश्न सकृद्दर्शनी वाङ्मयीन चर्चेच्या कक्षेत येणारा नव्हे. नकाशा, एसटीचे वेळापत्रक आणि खिसा यांनीच तो सोडवावा, असे कोणीही म्हणेल. आम्ही उभयता पंचवटीत राहतो. एक जण मराठी शिकवतो, दुसरी इंग्रजी. आश्विनात हा प्रश्न आमच्या घरात हटकून निघतो, आणि प्रत्येक वेळी जाणवते की त्याचे उत्तर आपण पुस्तकांतून आधीच घेऊन ठेवलेले असते. ते उत्तर एका माणसासाठी असते, दोघांसाठी नसते. प्रस्तुत टिपणाचा विषय एवढाच.

मासे धरण्याच्या छंदाचे वाङ्मय पुरातन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११३० च्या आसपासचा. मराठीच्या विद्यार्थ्याला तो ठाऊक असतो तो मुख्यत्वे ओवीच्या उल्लेखामुळे. महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, मत्स्यविनोदही आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य, गळ आणि काठी यांची माहिती त्यात बारकाईने दिलेली आहे. अभ्यासक या दोन नोंदी वेगवेगळ्या कामांसाठी वापरतात. आम्ही त्या शेजारी ठेवून वाचतो. एका नोंदीत पाण्याकाठी गळ टाकून बसलेला पुरुष आहे, दुसरीत मुसळ चालवता चालवता गाणारी स्त्री. विनोद पहिल्याचा आहे. दुसरीच्या वाट्याला आलेले गाणे कामाला जोडलेले आहे. काम थांबले की तेही थांबावे असे.

इंग्रजीत या छंदाचा आद्यग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो ते आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ साली निघाले. नदीकाठची शांतता, मित्रांचा संवाद, माशांविषयीची चौकस माहिती यांमुळे ते आजही वाचनीय आहे. त्यात स्त्रिया नाहीत असे नाही. गवळण आहे, तिची आई आहे, खाणावळीची मालकीण आहे. मायलेकी गाणी म्हणतात, मालकीण मासा रांधून वाढते. गळ मात्र त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती येत नाही, आणि काठावर नुसती बसलेली अशीही त्यांच्यात कोणी नाही.

हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२) मराठीत पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने आणली. हे छंदाचे पुस्तक नव्हे, जगण्याचे आहे. तरीही मासा आणि माणूस यांची जी प्रतिमा आपल्या मनात ठसली आहे ती बव्हंशी या कोळ्याचीच. त्याच्या खोपटात पूर्वी भिंतीवर दिवंगत पत्नीचे छायाचित्र होते. ते पाहून एकटेपण असह्य होते म्हणून म्हाताऱ्याने ते उतरवून फळीवर, धुतलेल्या सदऱ्याखाली ठेवले आहे. हेमिंग्वे हे एका वाक्यात सांगून पुढे जातो, आणि कादंबरीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण समुद्रावरच्या त्या अथांग एकाकीपणाची तयारी भिंतीवरच्या त्या रिकाम्या जागेपासूनच झालेली आहे, हे वर्गात शिकवताना क्वचितच सांगितले जाते.

आता काटकसरीकडे वळू. पाण्याकाठच्या काटकसरीचा सर्वांत प्रसिद्ध हिशेब थोरोचा. दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' या अनुवादाने तो मराठीत आणला. १८४५ साली तळ्याकाठी राहायला गेलेल्या थोरोने घर बांधण्याचा खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट इतक्या काटेकोरपणे मांडला आहे. पण त्याच प्रकरणात पुढे खाण्यापिण्याचा आणि कपड्यांचा हिशेब देताना त्याने एक अपवाद नोंदवला आहे. धुणे आणि कपड्यांची डागडुजी ही कामे बहुतांशी घराबाहेर झाली आणि त्यांची बिले अद्याप आलेली नाहीत, असे तो सांगतो. हा अपवाद लपवला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. मात्र ते बिल पुढे कधी आले आणि कोणी चुकते केले, याचा शोध वाचकही घेत नाहीत.

स्वस्त सहलीचे रहस्य बहुधा या न आलेल्या बिलात असते. आपल्याकडे 'काही खर्च नाही हो, घरूनच डबा घेतला' असे म्हणतात तेव्हा त्या डब्यासाठी पहाटे चारला कोण उठले हे वाक्यात येत नाही. परतल्यावर चिखलाचे कपडे कोणी भिजत घातले आणि रात्री दहा वाजता माशाचे खवले काढायला मोरीशी कोण बसले, हेही येत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे त्यात घालवतात असे आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. दोन्ही आकडे उतरले, अंतर जवळपास तेवढेच राहिले. सुट्टीच्या दिवशी हे अंतर मिटत नाही; पुष्कळ घरांत ते वाढते, कारण सहल हेच एक जादा काम असते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, दोघांसाठी जलाशय निवडताना पहिला प्रश्न 'मासे कुठे लागतात' हा नसावा. 'कोणत्या काठावर दोघांनाही रिकामे बसता येईल' हा असावा. ही कसोटी लावली की नाशिकच्या परिसरातील जलाशयांचा क्रम पार बदलतो.

गंगापूर धरण सर्वांत जवळचे, म्हणून सर्वांत स्वस्त. पण ते नाशिककरांच्या नळाचे पाणी आहे. धरणाच्या भिंतीलगत छंदासाठी जाणे योग्य नव्हे, आणि मागच्या फुगवट्याचा बराचसा काठ आता द्राक्षमळ्यांचा आणि विश्रामस्थळांचा शेजारी झाला आहे. तिथे स्वच्छतागृहापर्यंत पोहोचायचे तर आधी काहीतरी महागडे मागवावे लागते. शिवाय जवळ असण्यातच एक अडचण आहे. 'जवळच तर आहे' म्हटले की सकाळचा स्वयंपाक उरकून निघायचे आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला परतायचे, असे गृहीत धरले जाते.

इगतपुरी तालुक्यातले दारणा धरण १९१६ चे. मोकळा काठ, बेताचे अंतर, गर्दी नाही. एकट्या गळवाल्याला आवडावे असेच सारे. पण सावली, आडोसा आणि परतीच्या गाडीची खात्री या तीन गोष्टी एकट्या पुरुषाच्या यादीत नसतात, त्या दोघांच्या यादीत सर्वांत वर असतात. निर्जनता हा गुण आहे की भय आहे, हे काठावर कोण बसले आहे यावर ठरते. निसर्गवर्णनाची समीक्षा करतानाही हे भान ठेवायला हरकत नाही.

निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर मनाला सर्वाधिक ओढ लावणारे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि पाणथळ तयार झाली. रामसर यादीत आलेले हे महाराष्ट्रातले पहिले स्थळ. २०२० च्या जानेवारीत ते जाहीर झाले. पण ते पक्षी अभयारण्य आहे. तिथे दुर्बीण न्यावी, गळ नेऊ नये. मासा तिथे बगळ्याचा आणि करकोच्याचा.

राहता राहिले भंडारदरा. अकोले तालुक्यात प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले हे धरण पंचवटीपासून साधारण सत्तर किलोमीटर. वरील यादीत सर्वांत लांबचे आणि सर्वांत खर्चाचे. आमचे मत त्यालाच आहे. कारण तिथे डबा न्यावा लागत नाही. शेंडी गावात घरगुती जेवण मिळते, सावली मिळते, निवाऱ्याची सोय आहे. एसटीत मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट असल्यामुळे दोघांचा प्रवास दीड तिकिटात होतो. वाचलेले अर्धे तिकीट जेवणाच्या पैशांत घालावे. पावसाळ्याच्या ऐन गर्दीत किंवा शनिवार-रविवारी न जाता मधल्या वारी गेले, तर दोघांच्या पगारात न बसणारे असे त्यात काही नाही. खर्च वाढला असे ज्यांना वाटेल त्यांना आम्ही एवढेच सांगू की तो वाढलेला नाही. आजवर न येणारे बिल या वेळी आले, इतकेच.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आपल्या घरातले श्रम आपण शेंडीतल्या एका बाईच्या चुलीवर ढकलले, तर साधले काय? स्त्रीच्या श्रमातून सुटका दुसऱ्या स्त्रीच्या श्रमाने, हे समीकरण सुखाचे नाही. आम्ही ते नाकारत नाही. फरक एवढाच की तिथे मोल ठरते, सांगून मागता येते आणि हातात पडते. घासाघीस न करता ते देणे ही या सहलीची पहिली अट. दुसरी अट माशाची. गळाला जे लागेल ते ज्याने गळ टाकला त्याने साफ करावे, नाहीतर पाण्यात परत सोडावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्या छंदाचे पाणी कोणाच्या तरी उपजीविकेचे पाणी असते. ही सारी धरणे गावे आणि शेते बुडवून झालेली आहेत. जलाशयांतील मासेमारीचे हक्क शासन ठेक्याने देते. ते पुष्कळ ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज पाण्यात सोडले जाते, ते कोणाच्या तरी पैशाने. म्हणून काठावर पोहोचताच गळ काढू नये. संस्थेच्या माणसाला गाठावे, परवानगी विचारावी, काही शुल्क असल्यास द्यावे, आणि नाही म्हटले तर गळ गुंडाळून नुसते बसावे. नुसते बसता येत नसेल, तर आपण मासे धरायला आलो होतो की हक्क बजावायला, हे तपासून पाहावे.

वेळेचेही पाहायला हवे. पावसाळा हा या माशांच्या विणीचा काळ, तेव्हा गळ बंद ठेवणे उचित. आश्विनात धरणे काठोकाठ असतात, पाणी निवळलेले असते. पण आश्विन म्हणजे चातुर्मास. पंचवटीत पुष्कळ घरांत कार्तिकी एकादशीपर्यंत मासा उंबरा ओलांडत नाही, आणि नवरात्र व दिवाळी यांच्यामध्ये घरातल्या बाईला श्वास घ्यायला सवड नसते. कोजागरी सरल्यावर आणि फराळाची भाजणी सुरू होण्यापूर्वी चार-सहा दिवसांची एक फट मिळते, नाहीतर थेट कार्तिकी एकादशीनंतर. पंचांग आणि स्वयंपाकघर या दोहोंना विचारल्यावाचून शरदातली तारीख ठरत नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरांनी पहिल्या फटीत मासा पाण्यात सोडून रिकाम्या हाताने परतावे. सहल उणी होत नाही.

जलचिंतनाला एकांतच हवा, सोबतीने ते भंगते, असे मानणारी एक रसिकता आहे. आम्हाला ती अपुरी वाटते. एकांत हा ज्याला रोज थोडा तरी मिळतो त्याने त्याचे तत्त्वज्ञान करावे. ज्याला तो मिळतच नाही त्याला आधी जागा करून द्यावी. त्या दुसऱ्या जागेवर बसणाऱ्याच्या हाती गळ असलाच पाहिजे असे नाही. पुस्तक असावे, विणकाम नसावे. काहीच नसले तरी उत्तम.

पंचवटीत राहणाऱ्याला यासाठी परक्या वाङ्मयाकडे जाण्याचेही कारण नाही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात अगस्त्य ऋषी रामाला पंचवटीची वाट दाखवतात. ज्यांचा तारा उगवला की शरदातले पाणी निवळते असे संस्कृत कवी मानतात आणि ज्यांचा आश्रम अकोल्याला प्रवराकाठी दाखवतात, तेच हे अगस्त्य. पंचवटीत पोहोचल्यावर राम लक्ष्मणाला आश्रमासाठी जागा शोधायला सांगतो आणि ती कशी असावी हेही सांगतो. जिथे वैदेही रमेल, तू रमशील आणि मीही रमेन, आणि जवळ जलाशय असेल, अशी जागा पाहा, असे त्याचे म्हणणे. तिघांच्या या यादीत वैदेहीचे नाव पहिले आहे. पुढे त्या कथेत काय घडले ते सर्वश्रुत आहे. पण पाण्याजवळची जागा निवडण्याची ती कसोटी आम्हाला आजही वापरण्याजोगी वाटते.