एका दिवसाची जास्वंद

खरं सांगा, आज सकाळी तुमच्या बाल्कनीत कोणतं फूल उमललं होतं? नाही ना आठवत? डोन्ट वरी, परवापर्यंत मलाही सांगता आलं नसतं!

आमच्या पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक जास्वंद आहे. गेल्या पावसाळ्यात आईने साताऱ्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून फांदी आणली, कुंडीत खोचली आणि बजावलं, ‘‘लाल आहे हं, गणपतीची.’’ उन्हाळा लागला तसा दर रविवारी फोनवर एकच प्रश्न, ‘‘फुलं येतात ना गं?’’ आणि माझं ठरलेलं उत्तर, ‘‘हो, भरपूर!’’

चक्क थाप! मी साडेसातला कॅब पकडते, रात्री नऊला उगवते. झाडाला पाणी घालायचं ते तेव्हाच. तेव्हा दिसायच्या फक्त पिळलेल्या लाल वाती. मला वाटायचं, कळ्याच उमलत नाहीयेत. वीकेंडला? उन्हाच्या भीतीने पडदे ओढून एसीत लोळण.

मग परवा पहाटे वीज गेली. घामाघूम होऊन सात वाजता बाल्कनीत आले, तर समोर तळहाताएवढं लालभडक फूल! पाच पाकळ्या, मधून बाहेर आलेला लांब दांडा, त्यावर पिवळ्या परागांचे ठिपके आणि टोकाला पाच इवलेसे लाल गोंडे. वास अजिबात नाही, पण ऐट अशी की चाळीस डिग्रीचं ऊन जणू तिच्यासाठीच पडतंय. रात्री आले तर त्याच जागी... तीच पिळलेली वात.

आईला फोन लावून सगळं कबूल केलं. ती हसत सुटली. ‘‘अगं वेडे, जास्वंद एका दिवसाची. सकाळी उमलते, संध्याकाळी मिटते. तू सुटी घेशील म्हणून थांबणार आहे का ती?’’

म्हणजे थाप नव्हतीच ती. फुलं खरंच येत होती, मीच घरी नव्हते!

मग आईचा क्लास सुरू झाला. उन्हाळ्यात पाणी सकाळी लवकर घालायचं. माती कोरडीठाक पडली की कळ्या गळतात. पण कुंडीखालच्या बशीत पाणी साचू द्यायचं नाही. रोज पाच-सहा तास ऊन हवंच, फक्त दुपारी तापणाऱ्या भिंतीला कुंडी चिकटवायची नाही. शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं की समजा, पिठ्या ढेकूण! पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचं, मग कडुनिंबाच्या तेलाचा फवारा.

आणि हो, कॅफेत आपण ऐटीत मागवतो ना, तो ‘हिबिस्कस टी’? तो बहुतेक वेळा या जास्वंदीचा नसतोच. तो तिच्या बहिणीचा, लाल अंबाडीच्या बोंडांचा. हो, तीच अंबाडी, जिची भाजी आपण लहानपणी ताटात तशीच ठेवायचो!

आता माझा अलार्म वीस मिनिटं आधी वाजतो. चहाचा कप, बाल्कनी आणि ती. मोबाइल आत. मेल्स कुठे पळून जात नाहीत, ही मात्र संध्याकाळपर्यंतच.

काल रविवार होता. आईने विचारलं, ‘‘फुलं?’’

म्हटलं, ‘‘आज दोन. उद्यासाठी एक कळी तयार आहे.’’

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, ‘‘बरं झालं, दिसायला लागली तुला.’’