विश्लेषण : डाळिंब तेच, मग प्रत्येकाच्या पोटात वेगळे का?

डाळिंबाच्या रसाच्या बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट्सने भरपूर’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. हे खोटे नाही, पण अर्धेच सांगणे आहे. डाळिंबातील एलॅजिटॅनिन या संयुगांचे रेणू इतके मोठे असतात की ते जसेच्या तसे रक्तात जवळपास उतरतच नाहीत. त्यांच्यापासून सुटणारे एलॅजिक आम्लही फारसे शोषले जात नाही. ते मोठ्या आतड्यात पोहोचते आणि खरे काम तिथे सुरू होते.

तिथले गॉर्डोनिबॅक्टरसारखे जिवाणू या आम्लाच्या रेणूत टप्प्याटप्प्याने बदल करतात. पुढचे टप्पे अनेकदा दुसरेच जिवाणू उरकतात. त्यातून युरोलिथिन तयार होते आणि रक्तात सहज जाते ते हेच.

सगळ्यांना सारखा फायदा का नाही?

कारण जिवाणूंची ही साखळी प्रत्येकाकडे नसते. स्पेनमधील संशोधकांनी माणसांचे तीन गट पाडले आहेत. काहींच्या पोटात मुख्यतः युरोलिथिन-ए बनते, काहींच्या पोटात त्यासोबत युरोलिथिन-बी आणि आयसोयुरोलिथिन-ए, तर काहींच्या पोटात यातले काहीच नाही. तिसऱ्या गटातील व्यक्तीने रोज वाडगाभर दाणे खाल्ले तरी युरोलिथिनचा हिशेब शून्यच! बाटलीवर हे लिहायला जागा नसते असे नाही.

आणखी एक गोम सालीत आहे. एलॅजिटॅनिनचा मोठा साठा दाण्यांत नव्हे, सालीत असतो. कारखान्यात अख्खे फळ पिळले की तो रसात उतरतो. घरी सोलापूरची डाळिंबे सोलताना मात्र साल केराच्या टोपलीत जाते. त्यामुळे अशा रसावरील प्रयोगांचे निष्कर्ष वाडग्यातील दाण्यांना सरसकट लावता येत नाहीत.

मग थेट युरोलिथिनची कॅप्सूल घ्यावी का?

‘वय रोखणारी’ म्हणून ती परदेशात विकली जाते. 2016 मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधनात युरोलिथिन-ए दिलेल्या सूक्ष्म कृमींचे आयुष्य वाढले, उंदरांच्या स्नायूंचे कामही सुधारले. माणसांचे चित्र इतके देखणे नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्येष्ठांवरील चाचणीत स्नायूंचा दमसास वाढला; पण सहा मिनिटांत चाललेल्या अंतरात कॅप्सूल घेणारे आणि औषध नसलेली गोळी घेणारे यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. एवढ्या आधारावर घरातल्या आजी-आजोबांसाठी महागडी बाटली मागवणे घाईचे ठरेल.

डाळिंब मात्र खावे, दाणे चावून खावेत. त्यातला चोथा तिन्ही गटांच्या कामाचा आहे. रस गाळला की तो चाळणीतच राहतो.