फाटक्या पंखाचा फोटो

फुलपाखराचा पंख फाटका किंवा वेगळा निघाला की आपण तो फोटो मोबाईलमधून पुसून टाकतो. सुंदर तेवढेच ठेवायचे, ही आपली रीत. मला ती चुकीची वाटते.

संध्याकाळी दिव्यावर येणारे ‘कॉमन इव्हनिंग ब्राऊन’च घ्या. पावसाळ्यात त्याच्या मिटलेल्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके दिसतात. कोरड्या दिवसांत हीच जात वाळक्या पानासारखी दिसते. मी तर दोन निराळ्या जाती समजून वहीत दोन नोंदी केल्या होत्या! त्याची अळी भाताच्या पातीवर वाढते. म्हणजे गुपित आमच्याच बांधावरचे, आणि घरात कोणालाच ठाऊक नाही!

पंखाच्या कडेचे ठिपके पाहून पक्षी पुष्कळदा तेथेच चोच मारतो. तुकडा जातो, जीव वाचतो. मग फाटका पंख कुरूप कसा? ती तर जगल्याची खूण.

महाराष्ट्राने २०१५ साली ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. मान दिला, पण कढीलिंबावर वाढणाऱ्या त्याच्या भाऊबंदाच्या, ‘कॉमन मॉरमॉन’च्या, माद्या तीन रूपांत आढळतात हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

वेगळा पंख दिसला तर फुलपाखरू पकडू नका, टाचणीने टोचू नका. फोटो काढा आणि तारीख व जागा लिहून ठेवा. त्यावाचून तो नुसते चित्र. ग्रंथालयात अशा नोंदींची एक वही ठेवावी, ही प्राध्यापकांना विनंती. आपण कला शाखेचे खरे. पण नीट पाहायला प्रयोगशाळा लागत नाही.