दुसऱ्यांचे कागद ज्यांच्या संगणकात आहेत, त्यांना जाहीर आवाहन

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील सेवा केंद्रे, कर सल्लागार, दस्तलेखक, पतसंस्था आणि कृषी सेवा केंद्रे चालवणाऱ्यांना विनंती आहे, की आपला संगणक सुरू होताना पासवर्ड मागेल अशी व्यवस्था करा. बटण दाबताच डेस्कटॉप उघडतो ही सोय वाटते खरी. पण तिथल्या फोल्डरांत मालकाचे स्वतःचे फारच थोडे असते. सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, पासबुकचे पहिले पान, शिष्यवृत्तीसाठी काढलेला उत्पन्नाचा दाखला, फोटो, सही. गिऱ्हाईक मूळ कागद घेऊन घरी जाते, स्कॅन केलेली प्रत मात्र वर्षानुवर्षे तिथेच पडून राहते. त्यामुळे ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो. जपायचे आहे ते भवानीनगरच्या किंवा माळेगावच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या सभासदाचे, आणि प्रत ठेवू का, असे त्याला बहुधा कोणी विचारलेलेही नसते.

या प्रती काय करू शकतात, हे पीक विम्याने दाखवले. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात विमा मिळू लागला. अर्जाला मुख्यतः जमिनीचा, आधारचा आणि बँक खात्याचा तपशील लागे. पुढे अनेक जिल्ह्यांत बोगस अर्ज सापडले आणि २०२५ च्या खरिपात एक रुपयाची सवलत बंद झाली. ते अर्ज उघड्या संगणकांमुळे भरले गेले, असा माझा दावा नाही. संशय काही ठिकाणी खुद्द केंद्रचालकांवरच गेला. पण म्हणूनच प्रामाणिक चालकाने हे मनावर घ्यावे. तीन मुले एकाच खुल्या खात्यावर काम करत असतील, तर गैरप्रकार कोणी केला हे सांगता येत नाही आणि बोट मालकाकडेच वळते. प्रत्येकाचे खाते आणि पासवर्ड वेगळा असेल, तर कोणत्या खात्यातून केव्हा प्रवेश झाला याची नोंद विंडोज स्वतः ठेवते.

‘दुरुस्तीवाला पाच मिनिटांत पासवर्ड काढतो’ हा आक्षेप मात्र खरा आहे. विंडोजचा पासवर्ड समोरच्या माणसाला अडवतो, हार्ड डिस्क बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला जोडणाऱ्याला नाही. त्याआधीचा, बायोसचा पासवर्डही बऱ्याच जुन्या डेस्कटॉपवर मदरबोर्डवरचा सेल काढला की पुसला जातो. यावर उपाय आहे तो डिस्कच कूटबद्ध करण्याचा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर असते, होम आवृत्तीतही अनेक नव्या यंत्रांवर तशी सोय मिळते. ती चालू करताना ४८ अंकी रिकव्हरी की मिळते. ती कागदावर छापून तिजोरीत ठेवा, त्याच संगणकात नको. संगणकाने ती मागितली आणि ती हरवलेली असली, तर मालकालाही आपली माहिती परत मिळणार नाही. मोडीत द्यायच्या जुन्या संगणकाचेही भय डिस्क कूटबद्ध असल्याने बरेच कमी होते.

विसरण्याची भीती असेल तर पासवर्ड वहीत लिहून कपाटात कुलूपबंद ठेवा. मॉनिटरवर चिकटवू नका. वीज दिवसातून चारदा गेली तर चारदा टाइप करायचे, ही कटकट आहेच, पण त्यासाठी पिन ठेवता येतो. दुकानाचे नाव, मुलाची जन्मतारीख किंवा मोबाइल नंबर मात्र नको. पासवर्ड अवघड असण्यापेक्षा लांब असणे महत्त्वाचे. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले तरी चालतील. चहाला उठताना विंडोजचे बटण आणि एल दाबले की पडदा लॉक होतो.

कायद्याचे सांगायचे तर, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या केंद्राला एवढा दंड होईल असे नाही, पण जबाबदारी कोणाची हे त्यातून स्पष्ट होते. आणि नागरिकांनो, पुढच्या वेळी आधार स्कॅनरवर ठेवण्याआधी चालकाला दोन गोष्टी विचारा: प्रत ठेवणार आहात का, आणि ठेवणार असाल तर या संगणकाला पासवर्ड आहे का? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर काम झाल्यावर ती फाइल आपल्या डोळ्यांसमोर पुसून घ्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा.