भागीच्या धंद्यांत श्रमाचें मोल

आपल्या मालासाठीं शहरांत आपलेंच दुकान असावें, हा विचार पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनांत येतो, व तो योग्यच आहे. लालबागच्या मसाला गल्लीसारखी पेठ पाहिली म्हणजे तो अधिकच पटतो. उन्हाळ्यांत तेथें मिरची, धने, हळद यांच्या राशी लागतात आणि डंकावर वर्षाचा मसाला कुटून नेण्यास गृहिणींची रीघ लागते. अशा पेठेंत दोघे शेतकरी भागीनें दुकान काढतात. एक दुकानीं बसतो, दुसरा गांवीं राहून हंगामांत माल खरेदी करून धाडतो. भांडवल समान, म्हणून नफाही समान, असें तोंडीं ठरतें. आणि दोन वर्षांत कुरबूर सुरू होते.

या कुरबुरीचें मूळ स्वभावांत नसून हिशेबांत आहे, असें आमचें मत आहे. शेतांत आपण दक्ष असतों. पैऱ्यांत कोणाची बैलजोडी किती दिवस राबली हें तोंडपाठ असतें. जमीन वाट्यानें दिली तर बियाणें कोणाचें, खत कोणाचें, हें आधीं ठरतें. दुकानांत मात्र भिडेस्तव आपण गप्प राहतों.

परंतु गप्प राहणें हाही एक करारच होय. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याचें १३ वें कलम असें सांगतें कीं, निराळा करार नसेल तर नफातोटा समसमान वाटावा, आणि धंदा चालविण्याबद्दल कोणाही भागीदारास वेतन मिळूं नये. म्हणजे बारा महिने दुकानीं झिजणाऱ्याच्या श्रमाची किंमत शून्य!

यावर दुकानदार भागीदार म्हणेल, "मग माझा हिस्सा वाढवा." तेंही न्यायाचें नाहीं. त्याच कायद्याच्या २५ व्या कलमान्वयें पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार एकटाही जबाबदार धरला जातो. दुकान बुडालें तर गांवच्या भागीदाराची जमीन धोक्यांत येऊं शकते. हिस्सा हें या जोखमीचें मोल आहे. श्रमाचें मोल वेतनानें द्यावें. त्यासाठीं दुसऱ्याचा हिस्सा कापूं नये.

उदाहरणार्थ, प्रत्येकाचें भांडवल ५ लाख रुपये व वर्षाची मिळकत ६ लाख धरूं. प्रथम भांडवलावर ८ टक्के व्याज, म्हणजे प्रत्येकास ४० हजार. नंतर दरमहा २० हजारांप्रमाणें दुकानदारास बारा महिन्यांचे २ लाख ४० हजार, आणि गांवच्या भागीदारास खरेदीच्या दोन महिन्यांचे ४० हजार. कारण त्याचेंही काम कामच आहे. उरलेले २ लाख ४० हजार समान वाटावे. एकास ४ लाख मिळाले, दुसऱ्यास २ लाख. मालकी मात्र निम्मीच राहिली.

वेतनाची ओढ धंद्याच्या जिवावर बेतूं नये, हेंही पाहिलें पाहिजे. ज्या कापडगिरण्यांभोवतीं लालबाग वाढलें, त्या मुंबईच्या गिरण्यांचे मॅनेजिंग एजंट आरंभीच्या काळांत उत्पादनावर दर रत्तलामागें पाव आणा घेत. गिरणीस तोटा आला तरी त्यांची मिळकत चालूच राही. ती एजन्सीची पद्धत १९७० सालीं कायद्यानें बंद झाली. तिचा धडा असा कीं, नफा नसेल त्या वर्षीं वेतन निर्वाहापुरतें कमी व्हावें, असें कलम करारांतच असावें.

श्रमाचें प्रमाण कायम राहत नाहीं. एकाचें वय होतें, दुसऱ्याचा मुलगा हाताशीं येतो. म्हणून दरवर्षीं पाडव्यास नवी वही घालतांना कामाचे महिने व वेतन पुन्हा पाहावें. सर्वांच्या संमतीनें करार बदलण्यास ११ वें कलम मोकळीक देतें. एखादा भागीदार कामांतून कायमचा निघाला, तर त्याच्या हिश्शाची किंमत कोणत्या रीतीनें ठरवावी, हेंही पहिल्याच दिवशीं लिहून ठेवावें. आणि पेढीची नोंदणी अवश्य करावी; नोंदणीवांचून करारांतील हक्कासाठीं भागीदारास दावा लावतां येत नाहीं.

भीड मोडून पहिल्या दिवशीं एक तास बोलणें जड जातें खरें. पण तो तास चुकविला तर पुढें दुकानही जातें आणि गांवांतला शेजारही जातो.