पडद्यावर वाढविलेलें आंतडें

गोळी गिळली कीं औषध अंगीं लागलेंच, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः गोळी पोटांत जाणें आणि औषध रक्तांत उतरणें या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीन तोंडानें दिल्यास रक्तांत जवळजवळ उतरतच नाहीं. म्हणून तें टोंचावें लागतें. याचें कारण आंतड्याच्या अस्तरांत आहे. हें अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचें. परंतु शेजारशेजारच्या पेशी एकमेकींस इतक्या घट्ट सांधलेल्या असतात कीं, बहुतेक औषधांस पेशींच्या अंगांतूनच वाट काढावी लागते.

मग नवें औषध ही भिंत ओलांडील कीं नाहीं, हें मनुष्यास तें देण्यापूर्वीं कसें ओळखावें? पूर्वीं याकरितां मुख्यतः जनावरांवर अवलंबून राहावें लागे. आतां या कामीं कॅको-टू नांवाच्या पेशींचा मोठा उपयोग होतो. न्यूयॉर्क येथील स्लोन-केटरिंग संस्थेंत यॉर्गन फोग यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ही पेशींची जात तयार केली. तिचें मूळ एका ७२ वर्षांच्या पुरुषाच्या मोठ्या आंतड्यांतील कर्करोगाच्या गांठींत आहे. ज्या रोगानें त्या वृद्धास ग्रासलें, त्याच रोगाच्या पेशी आज असंख्य रुग्णांच्या औषधांची पारख करीत आहेत, हा योग विचार करावयास लावणारा खरा.

या परीक्षेची रीत अशी. बारीक छिद्रांच्या पातळ पडद्यावर पेशी पसरून त्यांस पोषक द्रव घालतात. सुमारें २१ दिवसांत त्यांचा एकसंध थर जमतो. नवल हें कीं, मोठ्या आंतड्यांतील या पेशी लहान आंतड्याच्या शोषक पेशींसारखें रूप घेतात. त्यांच्या वरच्या अंगास मखमलीसारखी सूक्ष्म लव येते. थरांतून विजेचा अत्यल्प प्रवाह सोडून त्यास किती अडथळा होतो हें पाहिलें म्हणजे सांधे पक्के झाले कीं नाहींत तें कळतें. मग वरच्या द्रवांत औषध घालून तें ठराविक वेळांत पडद्याखालीं किती उतरलें हें मोजतात. खालून वर किती गेलें हेंही मोजतात. कारण या पेशींत पी-ग्लायकोप्रोटीन नांवाचा एक द्वारपाल असतो, आणि तो हृदयविकारावरील डिगॉक्सिनसारखीं कांहीं औषधें आंत शिरतांच पुन्हां बाहेर लोटतो.

१९८९ सालीं अमेरिकेंत हिडाल्गो, रॉब व बोर्चार्ट यांनीं या थराचा आंतड्याची प्रतिकृति म्हणून उपयोग दाखविला. १९९१ सालीं स्वीडनमधील आर्टुर्सन व कार्लसन यांनीं २० औषधें या थरावर तपासून, मनुष्याच्या शरीरांतील शोषणाशीं त्यांचा मेळ बसतो असें दाखवून दिलें. २०१९ च्या एका आंतरराष्ट्रीय नियमावलीनें तर असें ठरविलें आहे कीं, पाण्यांत सहज विरघळणारें औषध या थरांतूनही आपोआप व सहज पार होत असेल, तर इतर अटी पाळून त्याच्या नव्या गोळीची मनुष्यांवरील तुलनात्मक चांचणी माफ करतां यावी. म्हणजे या इवल्याशा थराचा निकाल थेट घरच्या औषधाच्या पेटीपर्यंत पोहोंचतो.

म्हणूनच त्याच्या उणिवाही ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. यावर आंतड्यांतला बुळबुळीत श्लेष्मा नाहीं. याचे सांधे लहान आंतड्याच्या सांध्यांहून अधिक घट्ट. त्यामुळें पेशींच्या फटींतून झिरपणाऱ्या लहान औषधांवर येथें अन्याय होतो. खऱ्या आंतड्यांत कांहीं औषधांस उचलून आंत नेणारे वाहक असतात; त्यांचें बळ येथें बरोबर उमटत नाहीं. अॅमॉक्सिसिलिन हें घरोघर ठाऊक असलेलें औषध या थरांतून फारच थोडें उतरतें. मनुष्याच्या पोटांतून मात्र नेहमींच्या मात्रेंत चांगलें शोषलें जातें. तें १९७२ सालीं, म्हणजे या परीक्षेच्या पूर्वींच, वापरांत आलें. या एकट्या परीक्षेवरच त्याचें भवितव्य ठरतें, तर एक गुणी औषध कदाचित् बाजूस पडलें असतें, आणि त्याची हानि रुग्णांस सोसावी लागली असती.

शिवाय या थरापुढें जेवण नाहीं, दूध नाहीं, जठराची धांव नाहीं. टेट्रासायक्लीन दुधाबरोबर घेतलें असतां दुधांतील कॅल्शियम त्यास बांधून ठेवतें व शोषण घटतें. नुसत्या औषधाच्या द्रावणावरून हा दोष कसा दिसावा? अमुक औषध उपाशीं पोटीं, तमुक जेवणानंतर, असें वैद्य सांगतात तें खऱ्या माणसांच्या अनुभवावरून. आमच्या वाचकांनीं त्या सूचना क्षुल्लक मानूं नयेत.

प्रतिकृतीचा उपयोग मोठा आहे. जनावरांचे हाल आणि माणसांचा धोका ती वांचविते. परंतु तिला प्रश्न विचारावे, अखेरचा निवाडा मागूं नये. कोणत्या प्रश्नाचें उत्तर तिच्यापाशीं आहे आणि कोणत्याचें नाहीं, हें जाणून वापरणाराच तिच्यापासून खरें हित साधतो.